स्वयंपाकघरातला फोन आणि हँग होणारा कॉम्प्युटर

२००२ चा ऑगस्ट. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या काकू घरबसल्या डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं रचायचं) काम करायच्या. त्या वर्षी त्यांच्याकडे एका दिवाळी अंकाची पानं लावायचं काम होतं. मजकूर श्रीलिपी या मराठी फाँटांच्या सॉफ्टवेअरमध्ये, पानं पेजमेकर या प्रोग्राममध्ये, आणि संपादक मुंबईला. युनिकोड तेव्हा या कामात आलेला नव्हता, त्यामुळे नुसता मजकूर ई-मेलमध्ये चिकटवून पाठवला तर समोरच्याला अगम्य अक्षरं दिसायची. म्हणून प्रुफं पीडीएफ करून जायची आणि दुरुस्त्या संध्याकाळी परत यायच्या. सगळी देवाणघेवाण टेलिफोनच्या तारेवरून, डायल-अप मोडेमनं, म्हणजे फोन लावून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्रानं.

आणि इंटरनेट जोडलं की कॉम्प्युटर हँग व्हायचा.

कधी दोन मिनिटांत, कधी अर्ध्या तासानं. पडदा जिथल्या तिथे थांबायचा, माउसचा बाण हलायचा नाही, कंट्रोल-आल्ट-डिलीटचा उपयोग नाही. रीसेटचं बटण दाबायचं, स्कॅनडिस्कची डिस्कतपासणी पूर्ण होईपर्यंत बसून राहायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. पान बदललं की पेजमेकर आपणहून एक छोटी सेव्ह करून ठेवायचा, म्हणून सगळं काम जात नसे. पण चालू पानावरच्या तासाभराच्या दुरुस्त्या जायच्या. पाठवायला लावलेली पीडीएफ अर्ध्यात तुटायची आणि फोनचं बिल चढायचं ते वेगळंच.

ज्या दुकानातून मशीन असेंबल करून घेतलं होतं तिथला मुलगा दोनदा येऊन गेला होता. रॅम बदलून पाहिली, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलला. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "फॉरमॅट मारूया." म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं बसवायचं. काकूंनी नकार दिला. श्रीलिपीचं हार्डवेअर लॉक (प्रोग्राम चालायला कॉम्प्युटरला जोडावी लागणारी किल्ली), जमवलेले फाँट, प्रिंटरची बसवलेली घडी, पाच वर्षांच्या कामाच्या फाइल्स हे सगळं ऐन हंगामात उचकटायला त्या तयार नव्हत्या. मला त्यांचा नकार तेव्हाही रास्त वाटला. फॉरमॅटनं बिघाड जाईलही, पण तो कशानं होता हे कधीच कळत नाही, आणि त्याच सीडीवरून तोच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, पुन्हा बसवला तर आठवड्याभरात आपण जागच्या जागी.

मी गेलो तेव्हा मशीन असं होतं: एएमडीचा ड्युरॉन प्रोसेसर, व्हाया कंपनीच्या चिपसेटचा मदरबोर्ड, १२८ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन, एजीपी स्लॉटात (ग्राफिक्स कार्डासाठीच्या खाचेत) ग्राफिक्स कार्ड आणि त्याला लागून असलेल्या पहिल्या पीसीआय स्लॉटात (इतर कार्डांसाठीच्या खाचेत) मोडेमचं कार्ड. हे कार्ड नवं होतं. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कुठेतरी जवळच पडली आणि जुना मोडेम जळला. फोनच्या तारेतून आलेला झटका मोडेम खातो, हे पुण्यात दर वळवाला घडायचं. नवं कार्ड आलं ते बिननावाचं, पारदर्शक पिशवीतलं, सोबत एक सीडी. सीडीवर पाच-सहा वेगवेगळ्या चिपच्या ड्रायव्हरांचे फोल्डर होते.

"मेच्या आधी कधी हँग झाला होता?" मी विचारलं.

"एकदाही नाही," काकू म्हणाल्या. "आणि ऐक, पाऊस असला की जास्त होतं. त्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, पावसाचा काय संबंध? पण मी लिहून ठेवलंय."

त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यासमोर ठेवलं. दूधवाल्याचे खाडे जिथे लिहायचे त्याच चौकोनांत बारीक अक्षरात नोंदी होत्या: "४.१० बंद", "६.३५ बंद, सर", "९ बंद". सर म्हणजे पावसाची सर. जुलैच्या कोरड्या दिवसांत एखाददुसरी नोंद होती. पावसाची झड लागलेल्या आठवड्यात एकाच चौकोनात चार-चार. पुढे जे काही सापडलं त्याचं मूळ या पानावर होतं. रोज त्या मशीनपुढे बसणाऱ्या माणसानं पाहिलेली गोष्ट आपल्या समजुतीत बसत नाही म्हणून बाजूला सारणं ही दुरुस्तीतली सगळ्यात महाग चूक आहे, असं मी आजही मानतो.

पहिल्या दिवशी मी काहीच बदललं नाही. नुसतं जोडलं आणि वाट पाहिली. बाहेर भुरभुर चालू होती. अकराव्या मिनिटाला मशीन थांबलं. मी नमलॉक दाबलं. कीबोर्डवरचा दिवा बदलला नाही.

ही खूण छोटी आहे पण बोलकी आहे. नमलॉकचा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. कळ दाबल्यावर कीबोर्ड प्रोसेसरला इंटरप्ट पाठवतो, म्हणजे हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघ असा इशारा देतो. मग सिस्टिम दिवा लावायला सांगते. नुसता एखादा प्रोग्राम अडकला असेल तर पडदा थिजलेला दिसला तरी दिवा बदलतो. इथे दिवा बदलत नव्हता, म्हणजे प्रोसेसर कीबोर्डच्या इशाऱ्यापर्यंत पोचतच नव्हता. तो दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणी, विंडोजच्या अगदी गाभ्यात अडकला होता. तिथे फक्त ड्रायव्हर काम करतात.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे त्याच लाइनवर पॅरलल फोन होता. रिसीव्हर कानाला लावला तर डायल टोन नाही आणि मोडेमची नेहमीची खरखरही नाही. पूर्ण शांतता. थोड्या वेळानं एक्स्चेंजकडून एंगेज टोन सुरू झाला. डायल टोन नाही याचा अर्थ कार्डावरचा रिले, म्हणजे लाइन जोडणारा-तोडणारा स्विच, अजून लाइन धरून होता. खरखर नाही याचा अर्थ तारेवर आवाज सोडणारं जे कोणी होतं ते थांबलं होतं. आणि आवाज सोडणारा होता प्रोसेसर.

हे थोडं उलगडून सांगायला हवं. जुन्या धाटणीच्या मोडेममध्ये त्याचा स्वतःचा सिग्नल प्रोसेसर असे. बिट्सचा आवाज करणं आणि आवाजाचे बिट्स करणं हे सगळं काम तो करायचा, कॉम्प्युटरनं फक्त बिट्स द्यायचे-घ्यायचे. पिशवीतल्या स्वस्त कार्डावर तो नसतो. तिथे रिले, लाइनपासून विजेचं अंतर राखणारा भाग, आवाजाचे आकडे करणारी एक चिप, एवढंच. बाकीचं सगळं गणित, म्हणजे लाइनचा दोष ओळखून तो पुसणं, आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी वजा करणं, हे ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घेतो. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं. त्याच्याशी पाऊल जुळवून ठेवायचं तर या ड्रायव्हरला दर काही मिलिसेकंदांनी प्रोसेसर मिळालाच पाहिजे. म्हणून तो इंटरप्टवर चालतो, गाभ्यात चालतो, आणि तो चुकला तर अख्खं मशीन त्याच्याबरोबर थांबतं. विंडोज ९८ मध्ये त्याला अडवणारं कोणी नाही.

तरीही मी ड्रायव्हरला लगेच दोष दिला नाही, कारण पावसाचा धागा जुळत नव्हता. दुसऱ्या दिवशी मित्राकडून बाहेरून जोडायचा, सीरियल पोर्टवर चालणारा मोडेम उसना आणला. आतलं कार्ड काढून ठेवलं. दुपारभर पाऊस होता. काकू काम करत होत्या आणि इंटरनेट जोडलेलं होतं. चार तासांत लाइन सहा वेळा तुटली, पण कॉम्प्युटर एकदाही थांबला नाही.

या एका दुपारनं दोन गोष्टी सांगितल्या. लाइन खरोखर खराब होती, पाऊस आला की आणखी खराब व्हायची. आणि खराब लाइन हँग होण्यासाठी पुरेशी नव्हती. तिच्या जोडीला हे कार्ड लागत होतं. तो मोडेमच विकत घ्या, असं सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण तसा मोडेम तेव्हा या कार्डाच्या कितीतरी पट महाग होता आणि अंकाचे पैसे काकूंना दिवाळीनंतर मिळणार होते.

लाइन खराब झाली की मोडेम काय करतो? दोन्ही टोकांचे मोडेम क्षणभर माहितीची देवाणघेवाण थांबवतात, एकमेकांना ठरलेले आवाज पाठवतात आणि लाइन नव्यानं शिकून घेतात. याला रीट्रेन म्हणतात. त्या काही सेकंदांत ड्रायव्हरचं गणित एकदम वाढतं. माझा अंदाज असा झाला की हँग रीट्रेनच्या वेळीच होतोय. पावसाची वाट बघत हे तपासायचं तर महिना गेला असता. मग लक्षात आलं की हातात पाऊस पाडायचं साधन आहे. स्वयंपाकघरातला फोन. पॅरलल फोनचा रिसीव्हर उचलला की लाइनवरची पातळी आणि प्रतिध्वनी दोन्ही एकदम बदलतात, आणि मोडेमला लाइन पुन्हा शिकावी लागते.

कार्ड परत बसवलं. जोडलं. काकूंना म्हटलं, "मी हाक मारली की रिसीव्हर उचला, दोन आकडे मोजा आणि ठेवा." पाचपैकी चार वेळा मशीन जागच्या जागी थांबलं. अकरा मिनिटं किंवा तीस मिनिटं थांबायची गरज राहिली नाही. आता प्रत्येक बदलाचा परिणाम दहा मिनिटांत कळणार होता. हँग होणाऱ्या मशीनचं अर्ध्याहून जास्त काम इथेच संपतं असं मला वाटतं: बिघाड हवा तेव्हा घडवता आला पाहिजे.

मोडेमच्या हालचालींची नोंद ठेवणारा लॉगही चालू करून पाहिला होता. त्यात काही हाती लागलं नाही, आणि लागणारही नव्हतं. मशीन असं थांबतं तेव्हा लॉगच्या शेवटच्या ओळी डिस्कवर उतरलेल्याच नसतात. जी ओळ शेवटची दिसते तिच्यावर विसंबून निष्कर्ष काढू नये.

आधी सेफ मोड, म्हणजे विंडोज कमीत कमी ड्रायव्हरांवर सुरू करणं. विंडोज ९८ च्या नेहमीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या भागांच्या यादीत) एकच मोडेम दिसत होता; सेफ मोडमध्ये दोन दिसले. जळलेल्या मोडेमची नोंद आणि त्याचा ड्रायव्हर तसेच राहिले होते आणि दर वेळी सुरू होताना लोड होत होते. मला वाटलं, सापडलं. दोन्ही नोंदी काढल्या, इन्फ फोल्डरातल्या (ड्रायव्हर बसवायच्या सूचनांच्या) जुन्या फाइल्स बाजूला ठेवल्या, नवा मोडेम पुन्हा बसवला. मशीन लवकर सुरू व्हायला लागलं. रिसीव्हरची परीक्षा घेतली: पाचपैकी चार. काहीच फरक नाही. ती घाण काढायला हवीच होती, पण हँगचं कारण ती नव्हती. पाच वेळा मोजायची सवय नसती तर पहिला प्रयत्न सुदैवानं निभावला म्हणून मी त्या दिवशी "झालं" म्हणून घरी गेलो असतो.

तिसऱ्या दिवशी इंटरप्ट पाहिले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या कॉम्प्युटर या नावाच्या गुणधर्मांत इंटरप्टची यादी मिळते. ११ नंबरच्या इंटरप्टवर तीन जण होते: ग्राफिक्स कार्ड, यूएसबी आणि मोडेम. पीसीआयमध्ये एकच इंटरप्ट वाटून घेणं नियमबाह्य नाही. ती सोय मुळातच आहे. पण तिची एक अट आहे. पीसीआयची इंटरप्टची तार इशारा देऊन मोकळी होत नाही. ज्यानं ती ओढली त्याचं काम होईपर्यंत ती ओढलेलीच राहते. प्रोसेसर त्या तारेवरच्या एकेका ड्रायव्हरला विचारतो, तुझं आहे का? ज्याचं आहे त्यानं हो म्हणून आपल्या कार्डाला शांत करायचं असतं. त्यातला एखादा ड्रायव्हर आपलं काम ओळखायला चुकला किंवा त्यात फार वेळ रेंगाळला, तर तार ओढलेलीच राहते. प्रोसेसर बाहेर पडतो आणि त्याच क्षणी पुन्हा आत खेचला जातो. नमलॉकपर्यंत तो पोचत नाही.

अनेक मदरबोर्डांवर एजीपीला लागून असलेला पहिला पीसीआय स्लॉट आणि एजीपी एकाच इंटरप्टच्या तारेवर असत. दुकानातल्या मुलानं कार्ड तिथे बसवलं कारण जुनं तिथेच होतं. मी ते तिसऱ्या स्लॉटात हलवलं. नुसतं हलवून भागत नाही. बायॉसनं, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामनं, आधीची वाटणी लक्षात ठेवलेली असते. बायॉसमध्ये जाऊन रीसेट कॉन्फिगरेशन डेटा हा पर्याय एकदा यस केला. पुन्हा सुरू झाल्यावर मोडेम १० नंबरवर एकटा होता.

परीक्षा: पाचपैकी एकदा हँग. बाकी चार वेळा माउसचा बाण सेकंदभर अडखळला आणि पुन्हा चालू लागला. काकू खूश झाल्या. मी नाही झालो. एकटा असूनही मोडेम पाचांत एकदा मशीन थांबवत असेल तर ड्रायव्हरमध्येच काही खोट होती, वाटून घेतलेल्या इंटरप्टनं ती वाढत होती एवढंच.

आता पिशवीतल्या सीडीकडे वळलो. प्रत्येक पीसीआय कार्डात त्याची ओळख कोरलेली असते: चिप बनवणाऱ्याचा क्रमांक, चिपचा क्रमांक आणि त्यापुढे त्या विशिष्ट कार्डाचा उपक्रमांक. १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट, ११सी१ म्हणजे ल्युसंट, १३४डी म्हणजे पीसीटेल. आमचं कार्ड १४एफ१ निघालं, कोनेक्झंटची एचएसएफ चिप. सीडीवर कोनेक्झंटच्या नावाचे दोन फोल्डर होते. दोन्हींतल्या इन्फ फाइल्स नोटपॅडमध्ये उघडून ओळी जुळवत बसलो. सध्या बसवलेला ड्रायव्हर ज्या फोल्डरातला होता तिथे फक्त चिपचा क्रमांक जुळत होता. कार्डाचा उपक्रमांक तिथे नव्हता. विंडोजनं तेवढ्यावर त्याला स्वीकारलं होतं. दुसऱ्या फोल्डरात उपक्रमांकासकट पूर्ण ओळ होती, अक्षर न अक्षर तीच.

असा अर्धवट जुळणारा ड्रायव्हर फसवा असतो. तो बसतो, डायल करतो, जोडतो, पानं उघडतो. कार्डावर कोणते भाग कसे जोडले आहेत याबद्दलचे त्याचे काही ग्रह चुकीचे असतात, आणि ते क्वचितच वापरल्या जाणाऱ्या वाटेवर उघडे पडतात. आमच्याकडे ती वाट रीट्रेनची होती, हा माझा निष्कर्ष. ड्रायव्हरच्या आतलं मी पाहिलेलं नाही. मी फक्त मोजलं.

जुना ड्रायव्हर काढला, त्याची इन्फ फाइल विंडोजच्या इन्फमधल्या अदर या फोल्डरातून हलवली, कारण ती तिथे राहिली तर विंडोज न विचारता तीच पुन्हा उचलतं. मग नेमका ड्रायव्हर बसवला. काकू स्वयंपाकघरात, मी मशीनपाशी. दहा वेळा. चार वेळा जोडणी अडखळून सावरली, सहा वेळा लाइन तुटली, हँग एकदाही नाही.

"झालं ना रे?" काकूंनी विचारलं.

"अजून एक बघायचंय." योग्य ड्रायव्हर सापडला म्हणजे स्लॉट बदलणं फुकट गेलं का, हे मला कळायला हवं होतं. कार्ड परत पहिल्या स्लॉटात लावलं, ११ नंबरवर तिघं पुन्हा एकत्र. दहांत दोनदा हँग. म्हणजे दोन्ही बदल लागत होते. ग्राफिक्स कार्डाला इंटरप्ट न देण्याचा पर्यायही बायॉसमध्ये होता, पण पानं लावणाऱ्या मशीनवर पडद्याशी खेळ नको म्हणून त्याला हात लावला नाही. कार्ड तिसऱ्या स्लॉटात घट्ट बसवलं, स्क्रू आवळला.

राहिला पाऊस. कॉम्प्युटर आता थांबत नव्हता, पण सर आली की लाइन तुटायची, आणि प्रुफाची पीडीएफ तुटली की पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागायची. तात्पुरता उपाय म्हणून मोडेमच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये त्याला व्ही-९० या नव्या, वेगवान पद्धतीऐवजी व्ही-३४ या जुन्या, सावकाश पद्धतीवर बांधणारा आदेश लिहिला. व्ही-९० ला ५६ के म्हणतात, पण तो वेग फक्त उतरवण्याचा. पाठवताना जास्तीत जास्त ३३.६ केच मिळतो. काकूंचं मोठं काम पाठवण्याचं होतं, त्यामुळे त्यांचं फारसं नुकसान नव्हतं. जोडणीचा वेग सेकंदाला ४४००० बिट्सवरून २८८०० वर आला आणि पावसातही पाऊण-पाऊण तास टिकू लागला. त्या संध्याकाळी सोळा पानांचं प्रूफ एका दमात मुंबईला गेलं. काकू पडद्यावरची निळी पट्टी भरेपर्यंत उभ्याच होत्या.

लाइनची तक्रार त्यांनी त्याच आठवड्यात नोंदवली. लाइनमन आला तेव्हा मीही तिथे होतो. काकूंनी त्याच्यापुढेही कालनिर्णय ठेवलं, आणि त्यानं ते नीट वाचलं. मग तो थेट खाली गेला. वाड्याच्या दिंडी दरवाजापाशी, वळचणीखाली, जुना लाकडी डबा होता. वरचं पन्हाळं फुटून त्याच्यावर पाणी ठिबकत होतं. आतले तांब्याचे जोड हिरवे पडले होते. त्यानं गंजलेला तुकडा कापला, नवा जोड घातला, डबा दीड हात बाजूला कोरड्या भिंतीवर ठोकला. काकूंच्या मुलानं पन्हाळ्याला पत्र्याचा तुकडा बसवला.

दोन दिवसांनी चांगला जोराचा पाऊस असताना मी व्ही-३४ चं बंधन काढून पाहिलं. जोडणी ४५३३३ ला झाली. स्वयंपाकघरातला रिसीव्हर शेवटचा एकदा उचलून ठेवला. बाण क्षणभर थबकला आणि पुढे गेला. स्लॉटचा क्रमांक, ड्रायव्हरच्या फोल्डरचं नाव आणि कार्डाची पूर्ण ओळख एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला. पिशवीतली सीडी काकूंनी हार्डवेअर लॉकच्या डबीत ठेवली. ढग गडगडायला लागले की मोडेमची वायर भिंतीतून काढायची, एवढं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते कालनिर्णयाच्या मे महिन्याच्या पानावर लिहून घेतलं.